गाडी पळाली तरी कागद पळू देऊ नका

मैत्रिणींनो, ऑगस्ट २०२५ मधली देवलापारची बातमी तुमच्यापैकी बहुतेकींनी वाचली असेल. राखीचे दिवस होते. नागपूर-जबलपूर रस्त्याने एक जोडपे मोटारसायकलवरून निघाले होते. ट्रकची धडक बसली, बायको गेली आणि ट्रक निघून गेला. मदतीला कोणी थांबेना, म्हणून नवऱ्याने तिचा देह मोटारसायकलला बांधला आणि तसाच गावाची वाट धरली. ते चित्र घरोघरी मोबाइलवर फिरले. आमच्या शाळेत दोन दिवस डबा खाताना दुसरा विषय नव्हता.

त्या बातमीचा पुढचा भाग मात्र फारशा कोणाच्या लक्षात राहिला नाही. नवऱ्याला ट्रकबद्दल सांगता आले ते एवढेच, की त्यावर लाल खुणा होत्या. ना नंबर, ना चालकाचा चेहरा. तेवढ्या धाग्यावरून नागपूर ग्रामीण पोलिसांनी कॅमेऱ्यांची चित्रे संगणकाकडून चाळून घेतली आणि छत्तीस तासांत तो ट्रक चालकासह शेकडो किलोमीटरवर गाठला. गाडी सापडली की मालक सापडतो, मालक सापडला की त्याची विमा कंपनी सापडते, आणि भरपाईचा रस्ता मोकळा होतो. पण गाडी सापडलीच नाही तर? आज मला लिहायचे आहे ते त्याबद्दल.

आपल्या गोंदिया जिल्ह्याचा नकाशाच पाहा ना. खालून कोहमारा-देवरीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग छत्तीसगडात जातो, वर बालाघाटचा रस्ता मध्य प्रदेशात. धानाच्या हंगामात राइस मिलचे ट्रक दिवसरात्र. संध्याकाळी धडक देऊन पळालेली गाडी रात्रीच्या जेवणाआधी दुसऱ्या राज्यात पोहोचलेली असते. एमएच ३५ असते तर निदान ओळखीची वाटली असती, एवढेच आपण म्हणत बसायचे.

अशा वेळी घरातल्या शहाण्या माणसांचे एक वाक्य ठरलेले असते. “गाडीच माहीत नाही, तर पैसे कोण देणार?” हे वाक्य खोटे आहे. कायद्यात ‘हिट अँड रन’साठी वेगळी भरपाई १९८२ पासून आहे. तेव्हा ती मृत्यूला पाच हजार होती. १९८८ च्या कायद्याने साडेआठ हजार झाली, १९९४ मध्ये पंचवीस हजार, आणि त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षे पंचवीस हजारच राहिली. त्या काळात तेलाचा डबा कुठून कुठे गेला हे तुम्हाला सांगायला नको. १ एप्रिल २०२२ पासून मात्र नवी योजना आली. मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार.

आणि आता हे ऐका. २०२२ या एका वर्षात देशात ‘हिट अँड रन’चे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. २०२२-२३ मध्ये या भरपाईसाठी अर्ज किती आले? फक्त २०५. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच हे आकडे समोर ठेवून विचारले, की लोकांना ही योजना ठाऊक तरी आहे का? नसावी. मलाही ती ठाऊक झाली आमच्या गल्लीतल्या एका बाईंमुळे.

त्यांचे यजमान राइस मिलमध्ये मुनीम होते. दिवेलागणीला स्कूटरवरून घरी येताना मागून धडक बसली. आधी जवळचे ग्रामीण रुग्णालय, तिथून नागपूर. तिसऱ्या दिवशी गेले. पदरात दोन मुले, धाकटा माझ्याच वर्गात. बाई दहावी शिकलेल्या, पण कचेरीची पायरी कधी चढल्या नव्हत्या. दहाव्यानंतर एक दिवस कापडी पिशवीत सगळे कागद घालून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “मॅडम, यातलं काय ठेवू न काय फेकू, तेवढं सांगा जी.”

फेकायचे काहीच नव्हते, पण पहिलाच कागद पाहून मी थबकले. पहिल्या दवाखान्याच्या केस पेपरवर लिहिले होते, ‘गाडीवरून पडून जखमी’. झाले असे, की गर्दीतल्या कोणीतरी दिराला सांगितले, अपघात म्हणाल तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल, सरळ पडले म्हणून सांगा. बिचाऱ्याने तसेच सांगितले. मैत्रिणींनो, हा एक शब्द पुढे फार महाग पडतो. नोंद करणाऱ्या डॉक्टरांना जे झाले तेच सांगा: अनोळखी गाडीने मागून किंवा समोरून धडक दिली, अमक्या ठिकाणी, अमक्या वेळी. विमा कंपनी पहिल्यांदा बोट ठेवते ते याच ओळीवर.

दवाखान्याच्या खर्चाला घाबरून लोक असे बोलतात हेही खरे. पण मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे, की रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळावेत. धडक देणारी गाडी पळाली असली तरी. रुग्णालय या यादीत आहे का, हे भरती करतानाच विचारायचे. रस्त्यावरच्या माणसाने जखमीला आणून सोडले तर त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही, हेही २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आहे. देवलापारला थांबले नाहीत त्यांना हे माहीत असते तर, असे मला राहून राहून वाटते.

दुसरी गोष्ट एफआयआरची. तेव्हाही घरात तोच प्रश्न निघतो, की तक्रार करायची तरी कोणावर? ‘अनोळखी वाहनचालकाविरुद्ध’ अशी तक्रार होते, तशी रोज होते. या बाईंच्या बाबतीत बारा दिवस गेले होते. सुदैवाने रस्त्याकडेच्या चहावाल्याने पांढरी मालवाहू पिकअप गाडी पाहिली होती. त्याचा जबाब ठाण्यात नोंदवला गेला आणि ‘पडून’ या शब्दाला उत्तर मिळाले. म्हणून सांगते, रडारड आहेच, पण घरातल्या एकाने त्याच दिवशी घटनेच्या जागी जाऊन टपरीवाल्याला, शेतावरच्या माणसाला विचारून यावे. पेट्रोल पंपावर आणि दुकानांवर कॅमेरे असतात. त्यातली चित्रे काही दिवसांनी पुसली जातात, तेव्हा ती लवकर मिळवा म्हणून पोलिसांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. दूधवाल्याचा हिशेब आपण कॅलेंडरवर मांडतोच ना, तशीच ही सवय.

तिसरी गोष्ट लिहायला जड आहे. शवविच्छेदन. सासरे म्हणत होते, “माझ्या लेकराची चिरफाड नको.” कोणत्या बापाला हवी असते? नागपूरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला बसवून समजावले म्हणून ते झाले. त्या अहवालावाचून पुढचा एकही अर्ज हलला नसता, ना सरकारकडचा ना विम्याचा.

आता त्या कार्डवाल्या गृहस्थांकडे वळते. तेरावे झाले आणि दुसऱ्याच दिवशी एकजण दारात हजर. अमक्या वकिलांकडून आलो म्हणाले. आधी कोऱ्या वकीलपत्रावर सह्या, मिळतील त्या पैशांत पंचवीस टक्के, खर्च वेगळा. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. घरोघर माणसे पाठवून पक्षकार गोळा करणेही मना. तेव्हा जो आपणहून शोकाच्या घरी येतो, तो पहिल्याच पावलाला नियम मोडून आलेला असतो.

पण खरी गोष्ट पुढेच होती. त्यांनी दिराला अंगणात नेऊन सांगितले, की दोन लाखांवर कशाला समाधान मानता? आम्ही गाडी ‘उभी करून’ देतो. म्हणजे विमा असलेली एक पांढरी पिकअप, धडक माझ्याच हातून झाली म्हणून कबूल होणारा एक चालक, आणि पाहिले म्हणणारा एक साक्षीदार. मग दावा वीस-पंचवीस लाखांचा. दीर घरात येऊन गप्प बसला. तो काही वाईट माणूस नाही. घरात कमावते कोणी उरले नव्हते, नागपूरच्या बिलासाठी उसने घेतलेले होते. पैसे शेवटी कंपनीचेच जाणार, कोणा गरिबाचे थोडेच, असे त्याला वाटले. तुमच्या-माझ्या घरातही कोणाला वाटले असते.

बाईंनी उत्तर द्यायला रात्र घेतली. सकाळी मला म्हणाल्या, “ज्यानं मारलं तो तर मोकळाच राहील न मॅडम. अन् मी कोर्टात उभी राहून दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवू काय, यानंच माझा नवरा मारला म्हणून?”

त्यांनी ते पुण्यापापाच्या हिशेबाने नाकारले. मी व्यवहाराची बाजूही सांगते. अशा दाव्यात कंपनी स्वतःचा तपासनीस पाठवते. त्या गाडीला खरोखर ठोकर लागली होती का, त्या वेळी ती कुठे होती, चालकाचा फोन कुठे होता, एफआयआरमध्ये गाडीचा नंबर इतक्या उशिरा कसा आला, सगळे काढले जाते. उत्तर प्रदेशात अशा खोट्या अपघात-दाव्यांची विशेष पथकाने चौकशी केली, आणि २०२१ मध्ये भारतीय बार कौन्सिलने तिथल्या २८ वकिलांना निलंबित केले. दाव्यावर सही मात्र विधवेची असते. शपथही तिचीच. एजंट कुठेच नसतो.

मग सरळ रस्ता कसा? अपघात ज्या हद्दीत झाला तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा. तुमच्या तालुक्यासाठी हे काम कोणाकडे आहे ते तहसील कचेरीत विचारून घ्यावे. योजनेतला पहिला नमुना हा अर्ज आणि चौथा नमुना हे हमीपत्र. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला, जखमी असेल तर दुखापतीचा अहवाल, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, उपचाराचे बिल, बँक पासबुकाची प्रत. हमीपत्रात एवढेच, की पुढे गाडी सापडून जास्त भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून वळती होईल. त्याला भिऊ नका. चौकशी अधिकाऱ्यांनी महिन्याभरात अहवाल द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत साधारण विमा परिषदेकडून थेट खात्यात पैसे. नवरा किती कमावत होता, चूक कोणाची होती, हे इथे कोणी विचारत नाही.

हिशेबाने दोन महिने. आमच्या बाईंना आठ लागले. ज्या कचेरीत त्या गेल्या तिथे असा अर्ज आधी कोणी आणलेलाच नव्हता. बाबू म्हणाले, अशी योजनाच नाही. तेव्हा राजपत्रातली योजना छापून नेली आणि टेबलावर ठेवली. माणूस वाईट नव्हता, वाचून स्वतःच वरच्या साहेबांकडे घेऊन गेला. तुमच्या हाती आता आणखी एक गोष्ट आहे. त्याच जानेवारी २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सांगितले, की महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर ठाण्याच्या अधिकाऱ्याने जखमीला किंवा वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यायची, चौकशी अधिकाऱ्याचा पत्ता द्यायचा, आणि त्या अधिकाऱ्याकडे अपघाताचा अहवालही पाठवायचा. तेव्हा महिना झाला की ठाण्यात जाऊन ते पत्र मागा. नम्रपणे, पण मागा.

घरातले विमे शोधायला मात्र महिना थांबू नका. बाईंच्या पासबुकांत एक ओळ सापडली: यजमानांच्या खात्यातून मे महिन्यात वीस रुपये वजा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. बँकेत भरून दिलेला फॉर्म त्या स्वतः विसरल्या होत्या. दावा तीस दिवसांत बँकेकडे द्यायचा असतो. तो वेळेत गेला आणि पैसे आले. स्कूटरच्या विम्याचे मात्र मन खाणारे झाले. गाडी स्वतःच्या नावावर असेल, परवाना चालू असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असेल, तर मालक स्वतः चालवताना गेल्यास वारसाला पंधरा लाख मिळतात. धडक देणारा सापडो न सापडो. डिकीत पॉलिसी होती. मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली.

हे वाचून झाले की उठून आपल्या घरच्या गाडीची पॉलिसी बघाच. आमच्या ह्यांना मी त्या दिवशी चहासुद्धा नंतर दिला.

शेती असलेल्या घरांनी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लक्षात ठेवावी. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो. खातेदार शेतकरीच नव्हे, त्याच्या कुटुंबातला एक सदस्यही त्यात येतो, आणि मृत्यूला दोन लाख असतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला अपघात झाला तर राजीव गांधी विद्यार्थी योजनेबद्दल मुख्याध्यापकांना विचारा. शाळांनाही कधी कधी आठवण करून द्यावी लागते, हे मी शाळेतलीच असून लिहिते.

गाडी सापडली तर गोष्ट निराळी. मग दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. तिच्यावर कोर्टात वाद झाले आहेत, पण आपण सहा महिनेच धरून चालावे. कंपनीचा माणूस घरी येऊन ‘फक्त माहितीसाठी’ म्हणून सही मागेल. वाचल्याशिवाय आणि प्रत घेतल्याशिवाय सही नाही. तडजोडीचा आकडा सांगेल, तर तो लेखी मागा आणि वकिलाला दाखवा.

वकील कुठला आणायचा, असे विचाराल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, आणि तिचे उत्पन्न किती हे त्यात बघत नाहीत. नोकरी करणारी असो की घरची बरी असो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० या नंबरवर फोनही करता येतो. मोफतचा वकील म्हणजे हलका, असे आमच्या गल्लीत एकजण म्हणालेच. आम्हाला भेटलेल्या वकीलबाईंनी अर्ज तीनदा तपासला आणि चहासुद्धा घेतला नाही.

आणि धडकेत गेलेली घरातली बाईच असेल तर? ‘ती काही कमवत नव्हती’ म्हणून दावा न करणारी घरे मी पाहिली आहेत. कोर्टे तसे म्हणत नाहीत. जमशेदपूरच्या १९८९ मधल्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाची किंमत सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये महिना तीन हजार धरली. अचलपूरच्या न्यायाधिकरणाने गृहिणीच्या मिळकतीचा पुरावा नाही म्हणून फेटाळलेला एक दावा नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये मान्य केला आणि आठ लाखांवर भरपाई दिली. जानेवारी २०२१ च्या निकालात तर सुप्रीम कोर्टाने सरकारी पाहणीचा आधार घेतला, की घरच्या बिनपगारी कामात बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. जवळजवळ पाच तास! आमच्या ह्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, सत्त्याण्णव जरा जास्तच वाटतात.

तेव्हा तिच्या शिवणाच्या वह्या, भिशीचे हिशेब, बचत गटाचे पासबुक, शिकवणीला येणाऱ्या मुलांची नावे, सगळे जपून ठेवा. कोर्टात त्यांना किंमत आहे.

बाईंना मिळालेल्या दोन्ही रकमा त्यांच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात आल्या. संयुक्त खाते द्या, असे घरातून सुचवले गेले होते, आणि वकीलबाईंनी ते होऊ दिले नाही. नागपूरच्या बिलाचे उसने फिटले, उरलेल्यातून मुलांच्या नावाने मुदत ठेव केली. त्या आता मिलजवळच्या एका दुकानात हिशेब लिहायला जातात.

एका वाचक भगिनीने विचारले होते, की माणूस वाचला, फक्त पाय मोडला, तर पन्नास हजार मिळतील का? मिळू शकतात. हाड मोडणे किंवा निखळणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे, अगदी दात पडला तरी. एक्स-रेच्या प्लेटा आणि डिस्चार्ज कार्ड मात्र पलंगाखाली सरकवू नका. पावसाळ्यात ओल लागते आणि प्लेटा एकमेकींना चिकटतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, साड्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवा.